स्वच्छतागृहाची पाहणी

“येतं की, रोज येतं,” असं पंचशीला म्हणून गेली, आणि आपण काय म्हणालो ते तिच्या कानांनी मागाहून ऐकलं. विचारलं होतं उपअभियंता महादेवप्पा बिरादारांनी. तेही किती साधं! नळाची तोटी सोडली, धार हातावर घेतली, मागं वळले आणि म्हणाले, “मॅडम, पाणी रोज येतं ना?” बांधकाम समितीचे अध्यक्ष प्राचार्य इंगोले दाराबाहेर उभे होते, त्यांच्यामागं आणखी दोघे, आणि सगळ्यांच्या नाकात फिनेल नि मोगऱ्याची उदबत्ती. बालाघाट विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला असलेलं हे बायकांचं स्वच्छतागृह. ते पाडून त्या जागी नवीन बांधून द्या म्हणून विभागप्रमुख डॉ. पंचशीला गजभारे कैक वर्षं अर्ज करत होत्या, आणि त्या अर्जांपायी एकदाची ही समिती पाहणीला आली होती. नळाला थेंब नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप! या नळाला पाणी असल्याचं विभागातल्या कुणी कधी बघितलेलं नव्हतं. आज होतं, कारण सकाळी टँकर बोलावून वरची टाकी भरून घेतली होती. कुणी? तिनंच. कशाला? ते तिला आता काही केल्या सांगता येईना. समिती येणार म्हटल्यावर पाणी असायला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. इंगोले सर प्रसन्न हसले, “छान ठेवलंय हो मॅडम, विभाग असा पाहिजे,” म्हणाले. बिरादारांनी तोटी बंद केली, खिशातून रुमाल काढून हात पुसले, आणि पुसताना तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग सगळे चहाला गेले.

चहाबरोबर सुशीला होती, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, भरपूर शेंगदाणे घातलेली. शिवगंगानं घरून करून आणली होती. शिवगंगा विभागातली शिपाई, पण शिपाई म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे. पोरी तिला मावशी म्हणत, आणि खरं सांगायचं तर विभाग तीच चालवी. ते स्वच्छतागृह तिनं घासून घासून काढलं होतं. आत कोंबलेले मोडके बाक आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाहेर नेले, फरशीवर ॲसिड ओतलं, भिंतीला वरपासून खालपर्यंत गेलेली भेग होती तिच्यावर नवा आरसा ठोकला. आरसा कुठं ठोकायचा हे मात्र पंचशीलानं दाखवलं होतं. “हितं लाव मावशी, म्हणजे ती दिसणार न्हाई,” असं ती म्हणाली होती. आणि ती भेग दाखवायलाच समितीला बोलावलंय, हे त्या घडीला दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं. काय म्हणावं याला! विद्यापीठात समिती म्हणजे समिती. मूल्यांकनाची असो, परीक्षेची असो, समिती येते म्हटलं की दारात रांगोळी, टेबलावर कापड, मोडकं ते आत, चांगलं ते बाहेर. सगळेच विभाग हे करत, डोळे झाकून करत. पण बाकीच्या समित्या येत त्या काय चांगलं आहे ते बघायला, आणि ही आली होती काय मोडलंय ते बघायला. एवढा साधा फरक शिकल्यासवरल्या बाईला कळू नये? हातात बशी घेऊन ती इंगोले सरांशी उन्हाबद्दल बोलत राहिली, मधूनमधून हसतही राहिली, आणि आत कुणीतरी सारखं विचारत होतं, अगं, तू हे काय करून बसलीस.

गाडी गेली तशी शिवगंगा पदर खोचत आली. “लई झ्याक झाली बगा मॅडम पाहणी. मोठे साहेब काय म्हनले ऐकलं न्हाई का? इभाग असा पायजे म्हनले.”

“मावशी, आता नवीन मिळणार न्हाई आपल्याला.”

“कामून?”

“त्यांना चांगलं दिसलं ना सगळं.”

शिवगंगालाही पटलं असावं, पण पटून उपयोग काय. “ते तं हाय,” ती म्हणाली. “पन मग काय घाण दावायची व्हती का पाव्हन्या मान्सांला? नाव कुनाचं गेलं असतं? माझंच की!” आणि ती कपबशा गोळा करायला गेली. पंचशीलाला वाटलं, ही बरोबर बोलतेय. लगेच वाटलं, ही बरोबर बोलतेय हेच तर चुकलंय. तेवढ्यात मागच्या अंगाला गलका उठला. पाणी आहे असं कळल्यावर एम.ए.च्या पोरींनी तिथं रांग लावली होती आणि जत्रेत आल्यासारख्या खिदळत होत्या. वर्षाराणी ओढणीला हात पुसत बाहेर आली, मॅडमना बघून लाजली, आणि तरी तिला राहवलं नाही. “मॅडम, आज तं पाणी हाय! रोज असलं असतं तर किती बरं झालं असतं.” ती अहमदपूरजवळच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची. कॅम्पस हा असा उघड्या माळावर. धड स्वच्छतागृह म्हणजे पार पलीकडं ग्रंथालयात, जाऊन येईपर्यंत तास संपायचा. म्हणून पोरींनी आपला उपाय काढला होता : पाणीच प्यायचं नाही. सकाळी निघताना घोटभर, मग एसटी, मग तास, मग परत एसटी, आणि घरी गेल्यावर तांब्या तोंडाला लावायचा. महिन्यातले ते दिवस तर हजेरीत सरळ कोरेच दिसत. वर्षाराणी मागं जळजळ होऊन तापानं फणफणली होती. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं, आणि तिच्या बापानं, दगडोबानं, विभागात येऊन हात जोडून सांगितलं होतं, “मॅडम, पोरगी हुशार हाय, पन आनखी एकदा अशी पडली तं मी शिकवनार न्हाई. जीव हाय तं सगळं हाय.” त्याला पंचशीलानं शब्द दिला होता की यंदा नवीन बांधून होईल, मी बघते. तो माणूस तिच्या शब्दावर विसंबून पोरीला पुन्हा पाठवत होता. दुपार कलायच्या आत टाकी रिकामी झाली. दिवस कलल्यावर शिवगंगानं दाराला कुलूप घातलं.

फाट्यावर पंचशीलाला नांदेडची गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. पर्समध्ये पाण्याची बाटली होती, भरलेली, सकाळी भरली होती तशीच. ही बाटली ती रोज नांदेडहून आणायची आणि रोज तशीच परत न्यायची, आणि बाटली न्यायची कशाला हे तिला कुणी विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. लातूरला शिकत होती तेव्हापासूनची ही खोड. डाळमिलच्या मागं एका खोलीत पोरीपोरी राहायच्या. हवेत सारखा तुरीचा भुसा, घसा कोरडा ठणठणीत, आणि कॉलेजात दिवसभर पाण्याला शिवायचं नाही. तहान अशी लागायची की फळ्यावरची अक्षरं हलायची. पुढं मुतखडा झाला. लातूरच्याच डॉक्टरांनी सोनोग्राफी करून विचारलं, “पाणी का पीत नाही तुम्ही?” ती म्हणाली, “कामात राहून जातं.” तिथंही तिनं खरं सांगितलं नाही! डॉक्टरला! आणि अर्जांत तरी काय लिहिलं होतं इतकी वर्षं? ‘विद्यार्थिनींची गैरसोय होते.’ गैरसोय! बसायला खुर्ची नसली की गैरसोय, पंखा नसला की गैरसोय. पोटात कळ दाबून, मांडीवर मांडी घालून, तासाला बसलेल्या पोरीला काय गैरसोय होत असते होय? पण दुसरा शब्द लिहायचा तर कोणता? जो होता तो लिहिण्यासारखा नव्हता. तिनं बाटली बाहेर काढली, झाकण फिरवलं, मग नांदेड अजून लांब आहे हे लक्षात येऊन पुन्हा लावलं. स्वतःचाच इतका राग आला की डोळे भरून आले, आणि शेजारची बाई बघतेय म्हणून तिनं तोंड खिडकीकडं केलं.

खिडकीतून वारा आत येत होता, गरम, आणि त्या वाऱ्यात तिला एकाएकी गावाकडची वस्ती दिसली. कुणीतरी साहेब आलाय. हापसा कुठं घ्यायचा ते बघायला आलाय, मागं सरपंच आणि चार टोप्या. आईनं, महामायेनं, पहाटे उठून अंगण सारवलंय, पांढरं लुगडं नेसलंय, शेजारून स्टीलचा पेला मागून आणलाय, आणि तो काठोकाठ भरून ताटलीत ठेवून साहेबापुढं धरलाय. साहेब ते पाणी पितो. सरपंच बघतच राहतो. साहेब रुमालानं मिशा पुसतो आणि विचारतो, “काय बाई, पाण्याची काही तकलीफ?” आणि आई ताठ मानेनं म्हणते, “न्हाई साहेब. भागतंय आमचं.” भागतंय! ते पाणी कुठून कुठून आणलेलं असायचं, कुणाच्या शेताच्या कडेनं, किती बोलणी खाऊन, ते लहान पंचशीलाला ठाऊक होतं, कारण घागरीच्या मागं कळशी घेऊन तीच असायची. हापसा मग वरच्या आळीत बसला. पंचशीलाला हे सगळं लख्ख दिसलं, ताटलीची नक्षीसुद्धा. आणि मनाला एकदम हलकं वाटलं, की सापडलं, इथंच आहे सगळं, आईच्या त्या ‘भागतंय’मध्येच आपलं ‘येतं की’ आहे. पण गाडी लोह्याच्या स्टँडात शिरता शिरता तिला शंका आली. हे आजवर कधी कसं आठवलं नव्हतं? इतकं नेमकं, आजच, हवं तेव्हाच? का आपलं आपणच रचलं आणि आईच्या माथी मारलं? जितकं ती ताणून बघायला गेली तितका साहेबाचा चेहरा पुसट होत गेला, आणि शेवटी तिथं इंगोले सरांचाच चेहरा दिसायला लागला.

घरी महामाया टीव्हीपुढं भाजी निवडत बसली होती. आताशा ती पंचशीलाकडंच असायची, गुडघे गेले होते, पण पांढरी साडी अजून परीटघडीची लागायची. पंचशीलानं चप्पल काढली, स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्याली आणि तिथूनच विचारलं, “माय, आपल्या वस्तीत हापसा घ्यायला साहेब आला होता, तवा तू त्याला काय म्हणालीस गं?”

“कोन सायेब?”

“मुआयन्याला, पाहणी करायला आलता तो. तू पेल्यात पाणी दिलं होतंस त्याला.”

“काहीबी बोलतीस. हापसा व्हताच की आपल्याकडं. मारुतीच्या पारापाशी न्हाई का, तू कळशी घिऊन जायची.”

“तो वरच्या आळीचा. आपल्याला कुठं जाऊ देत होते तिथं?”

महामायेनं हातातली शेंग मोडली, दाणे ताटात टाकले. “असंल बाई,” ती म्हणाली. “मला काय याद न्हाई आता. तकलीफ व्हती तवा तकलीफ व्हती, तेचं काय घिऊन बसायचं?” मग पंचशीलानं समितीचं सांगितलं, टँकरचं, आरशाचं, आपण काय बोलून बसलो त्याचं. महामायेनं सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. “बरं केलंस,” ती म्हणाली. “उगं कुनाला आपल्या घरातलं वाईट दिसू द्यावं न्हाई. येणारा बघून जातो नि चार ठिकानी सांगतो, ह्यांच्यात असंच असतंय म्हनून.” बरं केलंस. दिवसभरात तिला शाबासकी देणाऱ्यांत ही तिसरी. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी आईवर खेकसावं असंही वाटलं. दोन्हीपैकी काही न करता ती कुकर लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी ती विभागात न जाता थेट बांधकाम शाखेत गेली. जायचं की नाही हे जिना चढेपर्यंत ठरत नव्हतं. जाऊन सांगायचं काय? मी खोटं बोलले, असं? मग अर्जही खोटे असतील, असं नाही का कुणी म्हणणार? बिरादार नकाशावर वाकले होते. उदगीरकडचा माणूस, बोलणं संथ, कानडी हेल. त्यांनी तिला बसायला सांगितलं, दारावरच्या माणसाला चहा सांगितला, आणि ती सुरुवात करायच्या आतच म्हणाले, “मॅडम, मी तोटी सोडून तुम्हाला कामून विचारलं असंल?”

तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली.

“खालून येणारा पाईप वाळून खडखडीत झालाय, तेला गंज चढलाय. वर टाकीच्या कडंला टँकरच्या नळीचा वला वळ. मला काय दिसत न्हाई का? पण माझ्या म्हणण्याला अध्यक्ष किंमत देत न्हाईत. अभियंता म्हटलं की त्यांना वाटतंय, ह्याला कसलं तरी बांधकाम काढायचंच असतंय. विभागप्रमुख समोर उभं राहून काय म्हणतो ते मात्र अहवालात घ्यावंच लागतंय. तुम्ही फक्त ‘न्हाई’ म्हणायचं होतं. मी पेन उघडून उभा होतो.”

“मी खोटं बोलले हो, बिरादार साहेब.”

“खोटं कसलं, पाहुणचार केलात,” बिरादार म्हणाले, आणि त्यांना हसू आवरलं नाही. “आमची बायको असंच करती. डॉक्टर घरी यायचा म्हटलं की आजारी माणसाची चादर बदलती, पावडर लावती, आणि त्यालाच दम देती, जरा नीट बसा म्हणून. मग डॉक्टर म्हणतो, पेशंट तर बरा दिसतोय.” पंचशीलालाही हसू आलं. आलं ते बरं वाटलं, आणि पुन्हा लगेच सगळं गढूळ झालं. बिरादारांनी सांगितलं, अहवाल अजून माझ्याकडं आहे, जलवाहिनी बघायची राहिली म्हणून पुन्हा पाहणी लावतो. मात्र यावेळी काही करू नका. काहीच करू नका. जसं आहे तसं दाखवा.

जसं आहे तसं! बोलायला सोपं. पंचशीलानं शिवगंगाला सांगितलं, झाडायचं नाही, पुसायचं नाही, पाणी ओतायचं नाही. शिवगंगानं आ वासला. टाकी संपल्यावरही पोरींनी दिवस कलेपर्यंत तिथं जाऊन यायचं सोडलं नव्हतं, आणि पाण्यावाचून ते तसंच कुलपात कोंडून पडलं होतं. उन्हानं वास व्हरांड्यापर्यंत येऊ लागला. “मॅडम, असल्या घाणीत मला दाखवू नका हो त्या लोकांला,” शिवगंगा म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. “मी रजा टाकते त्या दिवशी.” आणि तिनं टाकली. मग पंचशीलाच्या डोक्याचा पार भुगा झाला. आरसा काढायचा का? काढला तर आपण मुद्दाम काढला असं होईल, ठेवला तर भेग झाकलेली राहील. मोडके बाक आधी आत होते, ते पुन्हा आत कोंबायचे का? कोंबले तर ते नाटक. न कोंबले तर जे होतं त्याहून बरं दिसणार, म्हणजे तेही नाटकच. खरं ते कोणतं होतं? टँकरच्या आधीचं की नंतरचं? इतकी वर्षं दार कुलपात होतं, तर मग खरं म्हणजे ते कुलूप का? पाहणीच्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन पोचली, आणि थोड्या वेळानं आपल्या एका हातात बादली नि दुसऱ्या हातात फिनेलची बाटली असल्याचं तिला दिसलं. कपाटातून कधी काढली, कोण जाणे. ती तशीच उभी राहिली. बादली हातातून खाली ठेववेना. कुणीतरी येणार आहे आणि घर असं पडलंय, हे तिच्या हातांना सहनच होत नव्हतं. शेवटी तिनं दोन्ही वस्तू कपाटात ठेवल्या आणि कपाटाला कुलूप घालून ती किल्ली खिडकीतून बाहेर, गाजरगवतात फेकून दिली.

समिती आली. यावेळी रांगोळी नव्हती, सुशीला नव्हती, आणि व्हरांड्यात पोरी गप उभ्या होत्या. पंचशीलानं कुलूप काढलं. दार उघडताच इंगोले सर मागं सरले आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला.

“अरेरेरे! मॅडम, हे काय? परवा तर इथं जेवायला बसावं असं होतं!”

“सर, परवा...”

“एवढ्यात ही अवस्था? कमाल आहे. तुम्ही लोक जरा स्वच्छता ठेवत चला हो. सगळं विद्यापीठानंच करायचं का?”

तुम्ही लोक. पंचशीलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तुम्ही लोक म्हणजे कोण? समाजशास्त्रवाले? बायका? की ते, जे महामायेनं जन्मभर अंगण सारवून, परीटघडीची साडी नेसून, कुणाच्या तोंडून निघू दिलं नव्हतं? इंगोले सरांच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो, जाता जाता पोरींशीही हसून बोलला होता. कदाचित त्यांना तसं म्हणायचं नसेलही. कदाचित असेल, आणि त्यांनाच ठाऊक नसेल. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिला काहीच कळेना. एवढं मात्र कळलं, की स्वच्छ दाखवलं तेव्हा गरज नाही असं ठरलं, आणि घाण दाखवली तर आपणच घाण ठरतोय, आणि या दोन्हींत नळ कुठंच नाही.

“ही बांधकामाची बाब नाही, बिरादार,” रुमालाआडून इंगोले सर म्हणाले. “ही सफाईची बाब आहे. लिहा, विभागानं सफाईसाठी एक बाई लावावी. चला.” आणि ते वळले. बिरादारांनी पेन उघडलं, पण कागदावर टेकवलं नाही. ते पंचशीलाकडं बघत होते.

“थांबा सर,” पंचशीला म्हणाली. आवाज फाटला. तिनं पुन्हा म्हटलं, “थांबा. परवा टँकर मागवला होता. मीच मागवला. नळाला पाणी येत नाही, कधीच आलेलं नाही. येतं म्हणाले ते मी खोटं बोलले.”

“अहो, पण कशाला?”

“मला माहीत नाही, सर.” खरंच माहीत नव्हतं, आणि तसं म्हणताना तिला पहिल्यांदा बरं वाटलं. “लाज वाटली असंल. ते राहू द्या. माझ्या पोरी सकाळपासून पाणी पीत न्हाईत, सर. सांजपर्यंत पीत न्हाईत. मीबी पीत न्हाई.”

“पाणी पीत नाहीत म्हणजे?”

व्हरांड्यातल्या पोरींनी माना खाली घातल्या. वर्षाराणीनं ओढणीचं टोक दातात धरलं. समितीतले दोघे एकदम लांब माळाकडं बघायला लागले, जणू तिथं काही चाललं होतं. तो शब्द पंचशीलानं एकाही अर्जात लिहिला नव्हता, लातूरच्या डॉक्टरला सांगितला नव्हता, आईशीसुद्धा कधी उच्चारला नव्हता.

“लघवीला लागू न्हाई म्हणून,” ती म्हणाली. “लागली तर जायचं कुठं? म्हणून पीत न्हाईत. ही पोरगी दवाखान्यात पडली होती त्याच्यापायी. हिच्या बापाला मी शब्द दिलाय. घाण हाय म्हणून बांधून मागत न्हाई मी, सर. पाणी न्हाई म्हणून घाण हाय. दारातून तेवढं दिसायचं न्हाई. तुम्ही आत या.”

आणि ती पदर न लावता, नाक न झाकता आत शिरली, त्या ओल्या, चिकट फरशीवर जाऊन उभी राहिली आणि वळून वाट बघू लागली. इंगोले सरांनी एकदा बिरादारांकडं बघितलं, एकदा पोरींकडं. मग त्यांनी नाकावरचा रुमाल काढून खिशात ठेवला, आपल्या बुटांकडं पाहिलं, पँट घोट्यावर जरा वर ओढली आणि आत पाऊल टाकलं.